सात आठवड्यांच्या सिल्की कोंबडीच्या पिल्लावर "मादी गॅरंटी"चे पैसे देऊ नका, माझे 15,500 गेले

लिहू की नको करत आठ दिवस गेले. घरात बोलून झालंय, गल्लीत पण कळलंय, मग आता लपवून काय करायचं. 15,500 रुपये गेलेत, त्यातले 10,000 बायकोनं महिला बचत संघातून कर्ज काढून दिलेले आणि त्याचा हप्ता अजून चालू आहे.

आम्ही बेळगावच्या पश्चिमेकडचे. शिनोळी आली की महाराष्ट्र, तिथनं पुढं एका गावात हा माणूस फॅन्सी कोंबड्या विकतो. त्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरत असतात, तुम्हाला पण आले असतील. दर असे होते, न ओळखलेलं पिल्लू 500, मादी 1,450. म्हणजे एका पिल्लामागं 950 रुपये नुसते "ही मादी" या दोन शब्दांचे. मला 10 माद्या आणि 2 नर पाहिजे होते. सिल्की खुडूक लई बसते, तिच्याखाली गावठी अंडी ठेवून 21 दिवसांनी पिल्लं काढायची, मशीन नको आणि लाईट जायची काळजी नको, असा हिशोब होता, आणि तो चुकीचा नव्हता. खुडूक बसायला कोंबडी लागते, कोंबडा काय बसणार.

मी अडाणी नाही हे आधी सांगतो. वीस वर्षं गावठी पाळतोय. गावठीत दीड-दोन महिन्यांत तुरा लाल व्हायला लागला की लांबनं सांगतो नर कुठला ते. खरं सिल्कीचं तसं नसतंय. तुरा अक्रोडासारखा, काळपट, तो पण शेंडीत लपलेला. पिसं केसासारखी, त्यामुळं मानेवरची टोकदार झालीत का गोल आहेत काही उमगत नाही. पाच बोटं, काळी कातडी, कानाखालची निळी पाळी हे नर-मादी दोघांना असतंय. चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत सिल्की पाळणारे सुद्धा फसतात हे मला आज कळतंय, त्या दिवशी कळलं नव्हतं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी गेलो, बरोबर पोरगी होती. 5,000 आधीच फोनपेवर दिलेले. त्यानं डालग्यातनं एकेक पिल्लू काढलं, उलटं धरलं, शेपटीखाली फुंकर मारली, "मादी." पंख पसरला, "दोन ओळी बघा, मादी." मी मान हलवत होतो. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाची पारख करणारे शिकलेले लोक असतात ते वेगळं, सात आठवड्यांच्या पिल्लाला फुंकर मारून काही दिसत नाही, आणि पंखावरनं ओळखणं काही ठरावीक संकरातच आणि तेही पिल्लू निघाल्या निघाल्या जमतं, सिल्कीत नाहीच. त्यानं नर म्हणून दोन काढले ते पण त्याच डालग्यातनं, पायाला लाल दोरा बांधला.

आणि तेवढ्यात पोरगी म्हणाली, "पप्पा, हा बघा किती ऐटीत उभारलाय." एक पांढरं पिल्लू छाती काढून सरळ आमच्याकडं बघत उभं होतं, शेंडीचे चार केस मागं वळलेले. तो लगेच म्हणाला, "हा नव्हे बाळ, ही." पोरगी गप्प बसली. मी पण गप्प बसलो. त्याचा फोटो आहे माझ्याकडं, रोज बघतोय. बारा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलंच नाही असं नाही, दिसलं होतं, खरं दारात येऊन पैसे देऊन मागं फिरायचं कसं म्हणून बोललो नाही. पलीकडच्या पिंजऱ्यात पाच महिन्यांच्या मोठ्या माद्या होत्या, डोक्यावर झेंडूसारखी गोल शेंडी. त्या द्या म्हटलं तर "बुक झाल्यात". तिथंच उठायला पाहिजे होतं.

बाकी 10,500 रोख दिले. रोख देऊ नका. चिठ्ठीवर काय लिहिलं ते वाचा, माझ्या चिठ्ठीवर "सिल्की पिल्ले 12 नग" एवढंच आहे, मादी शब्दच नाही.

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी पहाटे पहिला आरवला. कोण, तर तोच पांढरा. आठवड्यात दुसरा, मग एकाचं ऐकून दुसरा असं होळीपर्यंत चाललं. 10 "माद्यां"तले 7 कोंबडे. आणि लाल दोरावाल्या दोघांतली एक कोंबडी! म्हणजे त्याला पण काही कळत नव्हतं. 12 मध्ये 8 नर, 4 माद्या. कळत नसताना छातीठोक सांगून ज्यादा पैसे घेतले, ही चोरीच आहे. फोन केला तर म्हणतो नर परत आणा, एकाला 300 देतो. माझ्याकडनं 1,450 घेतलेल्याला 300. मोठे कोंबडे एकमेकांना रक्त निघेपर्यंत मारायला लागले म्हणून 5 विकले 350 नं, 1,750 आले. काळं मटण आमच्याकडं कोण घेत नाही. खाद्याचे 4,300 वेगळेच.

आता तक्रारीचं ऐका. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो, "व्यवहार महाराष्ट्रात झालाय, तिकडं जावा." तिकडं गेलो, "तुम्ही कर्नाटकातले, पैसे तिकडनं पाठवलेत, तिकडं द्या." परत इकडं आलो तर मराठीतला अर्ज बघून "कन्नडदाग बरदु कोड्री", 150 रुपये देऊन कन्नडमधनं टाईप करून आणला, तर साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी गेलो तर एकजण हसून म्हणतो कोंबडा निघाला तर कापून खावा की. 15,500 रुपये आहेत हो, बाईचं कर्ज आहे, हसायचं काय त्यात? 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावला तर तुम्ही समोर बघून घेतलाय, हा ऑनलाईन फ्रॉड नव्हे. जनावरांच्या दवाखान्यात नर असल्याचं लिहून द्या म्हटलं, "आम्ही लस देतो, दाखला देत नाही." सीमेवर राहणं म्हणजे दोन सरकारं असून एक पण नसल्यासारखं आहे. 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम 173, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला तरी कुठल्याही ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची आहे. हे मी छापून नेऊन दाखवलं, तर कागद वाचला पण नाही.

घ्यायच्याच असतील तर न ओळखलेल्याचाच दर द्या आणि निम्मे नर निघतील असं धरून चाला. नाहीतर थांबा, पाच-सहा महिन्यांची घ्या. मादीची शेंडी गोल गोंड्यासारखी, नराचे केस लांब होऊन मागं जातात, तुरा रुंद होतो, चोचीखालची कातडी लोंबते, तरी ठाम म्हणजे आरवणं नाहीतर अंडं. पोपटवाले पिसावरनं डीएनए टेस्ट करतात तशी करून घ्या, उपटलेली पिसं द्या, गळालेली चालत नाहीत. विकणाऱ्याला लिहून मागा, "नर निघाल्यास पूर्ण पैसे परत". तो लिहून देत नसेल तर गाडीला किक मारा.

2019 च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत द्यायची. माझा अर्ज तयार आहे, पोरीनं काढलेला तो फोटो, 5,000 ची फोनपेची पोच आणि आरवतानाचे व्हिडिओ जोडलेत, सोमवारी देतोय. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडं कोणी असंच "गॅरंटी"चं पिल्लू घेतलं असेल तर चिठ्ठ्या फेकून देऊ नका आणि कोंबडे विकायच्या आधी व्हिडिओ काढून ठेवा, माझे 5 गेले त्यातल्या दोघांचा व्हिडिओच नाही.