आदिवासी हक्कांच्या स्वतंत्र सल्लागाराची सेवा : निधी देणाऱ्या संस्थेच्या नजरेतून

आमच्या संस्थेने निधी देण्यापूर्वी एका प्रकल्पाचा आदिवासी समाजाच्या हक्कांवर काय परिणाम होईल हे तपासण्यासाठी एका स्वतंत्र सल्लागारांची नेमणूक केली होती. कोणत्याही मोठ्या कंपनीशी बांधील नसलेल्या, एकट्याने काम करणाऱ्या या बाईंच्या सेवेविषयी, अशी नेमणूक करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहीत आहे.

मानधन आम्हीच देणार होतो, त्यामुळे त्या स्वतंत्र कशा राहणार, हा प्रश्न त्यांनी काम स्वीकारण्यापूर्वी स्वतःहूनच काढला. शेवटचा हप्ता अहवालातील निष्कर्षांवर अवलंबून राहणार नाही, मसुदा आम्हाला आणि त्या समाजाच्या प्रतिनिधींना एकाच दिवशी मिळेल, आणि तपशिलातील चुका वगळता मजकुरात बदल करण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही, अशी कलमे त्यांनी करारात घालून घेतली. आमच्या विधी विभागाला ती जाचक वाटली. माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच कलमांत आहे. ती नसती तर त्या लोकांनी अहवालावर विश्वास का ठेवावा, याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

सर्वांत बारकाईने त्यांनी पाहिली ती प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीने दिलेली, समाजाच्या संमतीची फाईल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ साली स्वीकारलेल्या आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातील ३२व्या अनुच्छेदानुसार, जमिनीवर किंवा साधनसंपत्तीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी सरकारने त्या समाजाच्या स्वतःच्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत सद्भावनेने सल्लामसलत करून मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मिळवायची असते. फाईलमध्ये सह्या आणि अंगठे भरपूर होते. बाईंनी एकेक पान उलटून दाखवले : सह्या बैठकीच्या हजेरीच्या होत्या, संमतीचा मजकूर असलेला कागद त्यांच्यावर नंतर टाचलेला होता, आणि प्रकल्पाचा नकाशा लोकांच्या हाती पडल्याची तारीख बैठकीनंतरची होती. आमच्या कोणाच्याही तपासणीत हे आले नव्हते. प्रशिक्षित नजर म्हणतात ती हीच.

प्रत्यक्ष भेटींसाठी त्यांनी कंपनीचे वाहन आणि कंपनीचा दुभाषी दोन्ही नाकारले. दुभाषी समाजाच्या पसंतीचा असावा हा त्यांचा आग्रह होता आणि त्यापायी खर्च वाढला, पण तो सार्थकी लागला. स्त्रियांशी त्या वेगळ्या, त्यांच्या सोयीच्या वेळी बोलल्या, तेव्हा कंपनीच्या नकाशात फक्त घरे आणि शेते दाखवली असून हंगामी चराईची जागा आणि दफनभूमी गाळली आहे, हे पुढे आले. मुलाखतींच्या मूळ ध्वनिफिती त्यांनी समाजाकडेच ठेवल्या आणि अहवालात काय छापावे याची परवानगी वेगळी घेतली. आदिवासींविषयीच्या माहितीवर नियंत्रण त्यांचेच असावे, असे सांगणारी ‘केअर’ तत्त्वे २०१९ पासून उपलब्ध आहेत. ती कामात उतरलेली मी प्रथमच पाहिली.

उणिवाही नोंदवायला हव्यात. जमीन कायद्याचा भाग एकटीच्या आवाक्याबाहेरचा होता, तरी त्या विषयाचा जाणकार त्यांनी फार उशिरा सोबत घेतला आणि ते प्रकरण घाईत उरकल्यासारखे झाले. अहवालाची भाषा तज्ज्ञांसाठी आहे. समाजाला दिलेला तोंडी सारांश सोपा आणि चांगला होता, पण तो लेखी स्वरूपात मिळाला नाही. शिफारशींत काय करावे हे स्पष्ट आहे. कोणी आणि केव्हापर्यंत, हे पुष्कळ ठिकाणी नाही. मुदतही एकदा वाढवावी लागली, मात्र ती समाजाच्या विनंतीवरून, त्यामुळे तो दोष मी धरत नाही.

केवळ प्रमाणपत्र हवे असलेल्यांनी अशा सल्लागारांच्या वाटेला जाऊ नये. व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी १८वे तत्त्व तज्ज्ञांची मदत आणि बाधित लोकांशी अर्थपूर्ण सल्लामसलत, दोन्हींची अपेक्षा ठेवते. पहिलीमुळे दुसरी टळत नाही, हे या बाई प्रत्येक बैठकीत बजावून सांगत. नव्या करारात आम्ही अहवालानंतरच्या पाठपुराव्याच्या भेटीही लिहून घेतल्या आहेत. पहिल्या भेटीत कंपनीची तक्रार निवारण यंत्रणा लोकांच्या भाषेत चालते का आणि तक्रारदाराला त्रास होत नाही ना, हे त्या तपासणार आहेत.