मेघदूत ॲप आणि परभणीचा कृषी सल्ला : मराठवाड्यातून एक परीक्षण

मेघदूत हे ॲप भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी २०१९ मध्ये सुरू केले. ते मराठीत असून विनामूल्य आहे. जिल्हा निवडला की पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांचा अंदाज दिसतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी पीकनिहाय सल्ला येतो. मराठवाड्यात या सल्ल्यामागे प्रामुख्याने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांचे काम आहे.

या सेवेची खरी किंमत सोयाबीनच्या काढणीत कळते. मळणी होऊन रास होण्याआधी कापलेल्या पिकाची गंजी भिजली तर हंगामाची कमाई जाते; दोन दिवस आधी इशारा मिळाला तर काढणी थांबवता येते, किंवा गंजीवर ताडपत्री टाकता येते. पेरणीचेही तसेच आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा विद्यापीठाचा जुना सल्ला पुढील पाच दिवसांच्या अंदाजासोबत वाचला, तर पावसाचा खंड पडून दुबार पेरणी करावी लागण्याचा धोका बराच कमी होतो.

उणीव आहे ती अंदाजाच्या बारकाव्यात. आपल्याकडे एका महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस होऊन अतिवृष्टीची नोंद होते आणि शेजारच्या मंडळात जमीनही नीट भिजत नाही, त्यामुळे जिल्ह्याचा अंदाज स्वतःच्या शिवारापर्यंत उतरवण्यासाठी स्थानिक जाणकार लागतो. नेमके तेच काम करण्यासाठी २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उभारण्यात आली होती. देशभरातील अशी १९९ केंद्रे २०२४ मध्ये बंद झाली. आकडे आता यंत्रे आपोआप गोळा करतात, हा त्यामागचा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही, कारण वापसा (पावसानंतर जमीन मशागतीजोगी होण्याची स्थिती) कधी येईल आणि फवारणी आज करावी की परवा, हे यंत्र सांगत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात हवामान अंदाज सुधारण्याच्या केंद्र सरकारच्या मिशन मौसम या योजनेसाठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपये मंजूर झाले. रडार आणि संगणकांवरील हा खर्च आवश्यकच आहे, आणि हवामान संशोधनावरचा पैसा वाया जातो असे म्हणणाऱ्यांनी २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरू नये. मात्र त्या संशोधनाचा अर्थ शेतकऱ्याला सांगणाऱ्या माणसाच्या पगारातच काटकसर व्हावी, हे मला अन्यायाचे वाटते.

ॲप जरूर वापरावे. माझ्या मते ते पाचपैकी चार गुणांचे आहे. मंगळवार-शुक्रवारचा सल्ला वाचून झाल्यावर शंका उरली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारावे, आणि जिल्हा केंद्रे पुन्हा सुरू करावीत, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावातून लेखी करावी.