कर्जमाफीच्या दोन वाटा: अमेरिकेत रेसिडेन्सी संपवणाऱ्या डॉक्टरांसाठी

पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फॉरगिव्हनेस) आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोर (पुढे नुसतं ‘कोर’) या शैक्षणिक कर्जाचा भार हलका करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या दोन्ही योजनांना सगळे सरसकट कर्जमाफी म्हणतात. पण पीएसएलएफ तुम्ही कुणाकडे नोकरी करता ते बघते. कोर बघते कुठे करता. निवड करताना आधी हा फरक डोक्यात पक्का बसू द्या.

2007च्या कायद्याने आलेल्या पीएसएलएफमध्ये सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत 120 पात्र हप्ते भरले की उरलेलं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडून घेतलेलं, कर्ज माफ होतं. रकमेला मर्यादा नाही, फेडरल आयकर नाही. रुग्णालय ना-नफा असेल तर रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणात, भरलेले हप्तेही धरले जातात, म्हणजे तीन वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर सातच वर्षं उरतात. मोठ्या शहरातलं विद्यापीठाचं रुग्णालयही चालतं. म्हणूनच जिथे डॉक्टर नाहीत तिथे ते पोचवायला ही योजना अपुरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोर तुम्हाला थेट डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात नेते. पूर्णवेळ दोन वर्षं द्यायची. फॅमिली मेडिसिनसारख्या प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांना 2024पासून 75,000 डॉलरपर्यंत मिळतात, तेही करमुक्त. रेसिडेन्सीचा काळ धरत नाहीत आणि अर्ज केला की निवड झालीच असंही नाही.

खरी जोखीम करारात आहे. पीएसएलएफ अर्धवट सोडली तर दंड नाही, भरलेले हप्ते मोजणीत राहतात. कोरचा करार मोडला तर न केलेल्या सेवेचे पैसे परत, शिवाय राहिलेल्या प्रत्येक महिन्याला 7,500 डॉलर आणि वर व्याज. त्यामुळे सही करण्याआधी जोडीदाराला घेऊन त्या गावात चार दिवस राहून या. रात्रीच्या ड्युट्या किती, रजेवर गेलात तर तुमचे पेशंट कोण बघतं, आधीचे डॉक्टर का सोडून गेले, हे तिथल्या नर्सना विचारा.

कर्ज लाख डॉलरच्या आत असेल तर मी कोर निवडेन. तीन लाख डॉलरचं फेडरल कर्ज असेल तर पीएसएलएफ, आणि नोकरी शक्यतो टंचाईच्या भागातल्या ना-नफा केंद्रातच; हप्ते तिथेही मोजले जातात. दोन्ही एकत्र घेताना मात्र हिशेब नीट करा. कोरचे पैसे कर्जातच भरावे लागतात, त्यामुळे शेवटी माफ होणारी रक्कमच घटते.

तुमच्यामागे धाकटं भावंड मेडिकलला जाणार असेल तर त्याचं गणित वेगळं आहे. 1 जुलै 2026पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) बंद. फेडरल कर्ज वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख डॉलरपर्यंतच. वरची रक्कम खासगी कर्जातून उभी केली, तर ती पीएसएलएफमध्ये माफ होत नाही. कोरच्या पैशातून मात्र खासगी शैक्षणिक कर्जही फेडता येतं.