नॅनो टूथपेस्ट आणि चांदीचे कण असलेला ब्रश: दिवाळी ते आखाजीचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास मी दोन वस्तू एकत्रच मागवल्या: नॅनो-हायड्रॉक्सीअपॅटाइट आणि झिंक असलेली टूथपेस्ट, तसेच केसांमध्ये चांदीचे नॅनोकण मिसळलेला ब्रश. दोन्हींच्या खोक्यावर ‘जिवाणूरोधक’ असे ठळक छापले होते. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली आहे, आणि दोन्ही वस्तू सकाळ-रात्र वापरल्यानंतर पेस्ट मी पुन्हा घेईन, ब्रश मात्र घेणार नाही.

खालच्या दोन दाढा हिरडीलगत झिजल्यामुळे थंड पाणी लागताच कळ येत असे, आणि जळगावच्या आमच्या दंतवैद्यांनी शेजारच्या दाढेवर खडूसारखा पांढरट डाग आरशात दाखवला होता. हा डाग म्हणजे कीड लागण्याची पहिली पायरी. तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि दाताजवळचा सामू (पीएच) सुमारे 5.5 च्या खाली उतरला, म्हणजे आम्लता वाढली, की वरच्या कवचातील खनिज विरघळू लागते. खड्डा पडण्यापूर्वी हे खनिज काही प्रमाणात परत भरून येऊ शकते, आणि या पेस्टचा सगळा आधार तेवढ्याच संधीवर आहे.

दाताचे कवच बहुतांशी हायड्रॉक्सीअपॅटाइटचेच बनलेले असते. पेस्टमध्ये त्याच खनिजाचे 100 नॅनोमीटरपेक्षा लहान कण असतात. ते कवचातील बारीक छिद्रांत शिरतात आणि उघड्या पडलेल्या दंतनलिकांची (कवचाखालच्या, नसेपर्यंत कळ पोहोचवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची) तोंडे बुजवतात, म्हणून कळ कमी होते. हे कण जिवाणूंना मारत नाहीत. जिवाणूंच्या साखर पचवण्यात अडथळा आणण्याचे काम झिंकचे असते. खोक्यावरील ‘जिवाणूरोधक’ या शब्दाखाली ही दोन वेगळी कामे सरसकट एकत्र केली आहेत, हे मला खटकले.

माझ्यापुरता फरक स्पष्ट आहे. थंडी सरेपर्यंत कळ बरीच कमी झाली होती, आणि चैत्रात माठाचे पाणी व रसवंतीवरचा बर्फ घातलेला रस मी डाव्या दाढेला न जपता पिऊ शकलो. नंतरच्या तपासणीत पांढरट डाग वाढलेला नव्हता. परंतु त्याच काळात मी रात्रीच्या जेवणानंतरचे गोड बंद केले होते, त्यामुळे सगळे श्रेय पेस्टला देणे योग्य होणार नाही. आखाजीच्या दोन दिवसांत मात्र आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्यांपुढे तो नियम टिकला नाही.

पेस्टला फेस जवळजवळ येत नाही. वर्षानुवर्षे मिसरी लावणाऱ्या आईने एकदा ती वापरून पाहिली आणि विचारले, “हाई कसी पेस्ट शे भाऊ? फेसच येत नही!” फेस साबणासारख्या द्रव्यामुळे येतो, कीड रोखण्याशी त्याचा संबंध नाही, तरी सवय व्हायला वेळ लागतो, हे खरे. किंमत नेहमीच्या पेस्टच्या कित्येक पट आहे.

ब्रशबद्दल तक्रार वेगळी आहे. चांदीचे आयन जिवाणूंच्या आवरणाला आणि विकरांना (एन्झाइमांना) इजा करतात, याबद्दल वाद नाही. पण ब्रशच्या केसांतून सुटणारी चांदी अत्यल्प असते आणि ती लाळेत लगेच विरते. शिवाय दातावरचे जिवाणू सुटे नसून चिकट थरात दडलेले असतात, आणि अशा थरातील जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा कितीतरी चिवट असतात. प्रयोगशाळेत सुट्या जिवाणूंवर मिळालेले यश दाढेच्या फटीत तसेच मिळेल, असे मानता येत नाही. थर निघतो तो घासण्यानेच, आणि या ब्रशचे केस साध्या ब्रशइतक्याच लवकर फाकले. कलिली (द्रवात तरंगत्या सूक्ष्म कणांच्या रूपातील) नॅनोचांदीच्या सुरक्षिततेबाबत निष्कर्ष काढण्यास माहिती अपुरी असल्याचे युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने 2018 मध्ये म्हटले होते, हेही माझ्या मनात आहे.

चांदीचा खरा उपयोग दवाखान्यात होतो. 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदी व फ्लोराइड असलेले द्रव औषध लावल्याने चालू कीड अनेकदा थांबते, फक्त तो भाग काळा पडतो. हा काळेपणा टाळण्यासाठी ब्राझीलमधील संशोधकांनी नॅनोचांदी, कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि फ्लोराइड यांचे मिश्रण मुलांच्या दातांवर वापरून पाहिले आहे. नॅनोचांदीकडून अपेक्षा ठेवायचीच तर मी ती अशा औषधाकडून ठेवीन.

पोलंडमध्ये प्रौढांवर 18 महिने चाललेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सीअपॅटाइटची पेस्ट कीड रोखण्यात फ्लोराइडपेक्षा कमी पडली नाही. तरीही फ्लोराइडमागे कित्येक दशकांचा पुरावा आहे आणि ते स्वस्तही आहे. म्हणून घरातील शाळकरी मुलीला मी आजही फ्लोराइडची साधी पेस्ट, वाटाण्याएवढीच, देतो. महागडी ट्यूब वरच्या फळीवर माझ्या दाढांसाठी असते.