सीपायथॉन: सी आणि रस्टच्या तुलनेत कुठे कमी पडतं

पायथॉन म्हणून आपण जे इन्स्टॉल करतो ते बहुतेक वेळा सीपायथॉन असतं. ते सोर्सचं आधी बाइटकोड (इंटरप्रीटरसाठीच्या सोप्या सूचना) करतं आणि मग इंटरप्रीटर तो बाइटकोड सूचनेमागून सूचना असा चालवतो. बहुतेक तोटे या दुसऱ्या पायरीतून येतात.

साधी बेरीज घ्या. सी ही थेट प्रोसेसरच्या सूचनांमध्ये कंपाइल होणारी भाषा, तिच्यात दोन इंटिजर मिळवायला प्रोसेसरची बहुधा एकच सूचना पुरते. सीपायथॉनमध्ये दोन्ही व्हॅल्यू स्टॅकवर आणायच्या, टाइप तपासायचे, उत्तरासाठी नवा ऑब्जेक्ट घ्यायचा, रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) सांभाळायचे. (-५ ते २५६ हे आकडे आधीच तयार ठेवलेले असतात, तेवढीच सूट.) लूप कोटभर वेळा फिरला की हा सगळा खटाटोपही कोटभर वेळा होतो. ३.११ आवृत्ती ३.१० पेक्षा सरासरी सुमारे २५ टक्के वेगवान झाली. सुधारणा खरी आहे, पण निव्वळ आकडेमोडीत सीशी असलेलं अंतर कित्येक पटींचं आहे. ते एवढ्याने भरून निघत नाही.

मेमरीचा हिशोबही जड आहे. ६४ बिट मशीनवर लहान इंटिजर २८ बाइट घेतो, शिवाय लिस्टमधला त्याचा पॉइंटर ८ बाइट. दहा लाख वेगवेगळे आकडे ठेवायला किमान ३६ एमबी. सीच्या ६४ बिट अॅरेत हेच काम ८ एमबीत होतं.

सगळ्यात जास्त त्रास मात्र उशिरा कळणाऱ्या चुकांचा. एरर हाताळणाऱ्या कोडमध्ये (पायथॉनमधला एक्सेप्ट ब्लॉक) व्हेरिएबलचं नाव चुकलं, तर रस्ट या कंपाइल होणाऱ्या भाषेचा कंपायलर बिल्डच होऊ देत नाही. सीपायथॉन मात्र गप्प राहतं. मूळ एरर आली, तो ब्लॉक पहिल्यांदा चालला, की तिथे नेमएरर येते, तीही प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात. टाइप हिंट (व्हॅल्यू कोणत्या प्रकारची असेल याच्या नोंदी) लिहिल्या तरी इंटरप्रीटर स्वतः त्या तपासत नाही. त्यामुळे रफ (न चालवता कोडमधल्या चुका शोधणारं टूल) आणि मायपाय (टाइप हिंट तपासणारं टूल) प्रत्येक कमिटला चालवा. ही ऐच्छिक सोय समजू नका.

जीआयएल (ग्लोबल इंटरप्रीटर लॉक) या कुलपामुळे नेहमीच्या बिल्डमध्ये एका वेळी एकच थ्रेड बाइटकोड चालवतो, म्हणून आकडेमोडीला आठ थ्रेड देऊनही वेग वाढत नाही. जीआयएलशिवायचं बिल्ड ३.१३ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं, पण ते वेगळं घ्यावं लागतं. प्रोग्राम दुसऱ्याला द्यायचा तर इंटरप्रीटर आणि लायब्रऱ्याही सोबत द्याव्या लागतात. पायइन्स्टॉलर या पॅकिंगच्या टूलची एक्झिक्युटेबल फाइल हेच सगळं पोटात घेऊन येते, म्हणून ती फुगते.

नेटवर्कची किंवा डिस्कची वाट पाहणाऱ्या कामात वेगाचा तोटा सहसा जाणवत नाही. तिथे सीपायथॉन खुशाल वापरा. आकडेमोड असेल तर आधी सीप्रोफाइल या वेळ मोजणाऱ्या टूलने वेळखाऊ फंक्शन शोधा आणि तेवढंच नमपाय (आकड्यांच्या अॅरेची लायब्ररी), सायथॉन (पायथॉनसारख्या कोडचं सी करणारं टूल) किंवा नंबावर (चालताना फंक्शन मशीनकोडमध्ये कंपाइल करणारी लायब्ररी) न्या. नंबा पहिल्या कॉललाच कंपाइल करतं, त्यामुळे वेळ दुसऱ्या कॉलपासून मोजा.