एमजीबीमागे लेझर: ओढायचा त्रास शून्य, वायरिंगने मात्र जीव खाल्ला

बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होतो. अखेर एका उडालेल्या फ्यूजने लिहायला बसवलं, त्यामुळे सूर जरा तिरसट लागला तर चालवून घ्या.

गाडी 1966 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पाच मेन बेअरिंगचं 1798 सीसी इंजिन, सिंक्रो नसलेला पहिला गिअर, ओव्हरड्राइव्ह (स्विचने लागणारा जादा उंच गिअर) आहे, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) आहे आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. बोट लेझर, एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट. दोन्हींची बाकी माहिती वाचणाऱ्यांना पाठ असणार, ती परत देत बसत नाही.

आधी सगळे विचारतात तो प्रश्न उरकून टाकू. एवढ्या जुन्या गाडीला झेपतं का? झेपतं. लेझरचं नुसतं अंग 59 किलो. डोलकाठी, बूम (शिडाखालची आडवी काठी), शीड, बोट पाण्यात न्यायची हातगाडी आणि खालचा ट्रेलर धरूनही दोनशेच्या आत काम होतं. गाडीचं वजन नऊशे ते हजारच्या मध्ये. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत लागतं. तो हिशोब लावला तरी आपण कुठल्या कुठे आत आहोत. ताशी 80 किमीच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला पावणेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं, आणि या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क 3000 ला मिळतो. त्यामुळे ते निवांत असतं. उलट मागे काहीतरी आहे म्हणून मीच जास्त शहाण्यासारखी चालवतो.

गंमत अशी की लेझर ट्रेलरसाठी जन्मलीच नव्हती. 1969 मध्ये ब्रूस कर्बी (डिझायनर) आणि इयन ब्रूस (बोटी बांधणारे) यांच्या फोनवरच्या बोलण्यातून ती कागदावर उतरली, तेव्हा डोक्यात होती ती गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी छोटी बोट. माझ्या गाडीला टपच कापडाचं. म्हणून ट्रेलर. आणि बोट 4.23 मीटर, गाडी 3.89 मीटर, म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढली जाणारी लांब. बाजूने बघणारे हसतात, हसू देत. रुंदीत मात्र बोट गाडीच्या आड लपते, आरशात मागचं सगळं नीट दिसतं.

बोट रिकामी करून परत निघालं की मजा उलटी होते. नुसता ट्रेलर इतका बुटका, की डिकीच्या वर त्याचं काहीच दिसत नाही. मागे घ्यायला जावं तर तो कुठल्या बाजूला वळलाय हे कळेपर्यंत काटकोनात उभा. छोटा ट्रेलर फार पटकन मुरडतो. मी ती विद्या शिकायचा नाद सोडलाय. गाडीला अडकवलेली ट्रेलरची कडी सोडायची, हाताने ढकलायचा, परत लावायचा. वजनच काय आहे त्याचं!

ओव्हरड्राइव्हबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला ट्रेलर असताना त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. पण तिसऱ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह लावला की गुणोत्तर 1.10 च्या आसपास येतं, म्हणजे चौथ्यापेक्षा किंचित खाली. लांबलचक सौम्य चढाला, जिथे चौथा कुंथतो आणि तिसरा ओरडतो, तिथे हा मधला गिअर सोन्यासारखा आहे. स्विच इकडून तिकडे, क्लचला पाय लावायलाही नको. आता चढ दिसला की हात आपोआप तिकडे जातो.

ट्रेलरच्या नाकावरचं वजन तेवढं मोजा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के कडीवर यायला हवं. कमी पडलं तर मागचं शेपूट डुलायला लागतं. घरातला वजनकाटा कडीखाली ठेवला, बोट हातगाडीवर थोडी पुढे सरकवली, पंधरा किलोच्या आसपास आणलं, विषय संपला. पट्टे करकचून आवळू नका. लेझर काठांवर टेकवायची असते, तळावर नाही, आणि पट्ट्याच्या जोराने डेकला खड्डा पडतो.

आता फ्यूज.

पाऊस लागला होता, उजेड कमी होत होता, पुढची गाडी थांबली म्हणून ब्रेक दाबला आणि वायपर काचेच्या मधोमध थांबले. इंडिकेटर लावून बाजूला घ्यावं तर इंडिकेटर मेलेले. पेट्रोलचा काटा शून्यावर. क्षणभर वाटलं आख्खी गाडीच गेली, पण इंजिन मजेत चालू. एमजीबीवाल्यांनी एव्हाना ओळखलं असेल. 1966 च्या गाडीत फ्यूज दोनच, प्रत्येकी 35 अँपिअरचे. त्यातल्या एकावर ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर, पेट्रोलचा काटा असं सगळं कुटुंब एका छताखाली राहतं. ट्रेलरच्या एका वायरीने गडबड केली की पावसात वायपर बंद. डबीतच ठेवलेला जादा फ्यूज लावला, वायपर चालू झाले, ब्रेक दाबला, परत बंद.

ट्रेलरचं प्लग काढलं आणि डिकी उघडली. ओलं शीड बाजूला केलं तर ट्रेलरची केबल डिकीच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून बाहेर गेलेली, आणि त्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे वायर कापू न देणारी रबरी रिंग, नाही. पत्र्याची धार तशीच कच्ची. तिने आधी वरचं काळं आवरण खाल्लं, मग आतल्या लाल वायरीचं. तांब्याच्या दोन तारा चकचकीत बाहेर आल्या होत्या आणि पत्र्यावर काळा डाग पडला होता. टेप गुंडाळली, शेवटचा जादा फ्यूज लावला आणि घरी आलो.

ज्या दुकानाने टो-बार (ट्रेलर अडकवायचा दांडा) आणि हे वायरिंग बसवलं होतं, तिथे गेलो. (नाव लिहीत नाही, लिहून काय मिळणार.) उत्तर आलं, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." अहो, ग्रोमेट जुन्या गाडीत पण लागते आणि नव्या गाडीत पण! मग सल्ला आला की गाडी निगेटिव्ह अर्थ करून टाका, ट्रेलरला एलईडी दिव्यांची पट्टी लावा, तरच हात लावू. आणि त्याचं अंदाजपत्रक. त्या आकड्यात दुसरं शीड आलं असतं.

हा एलईडीचा मुद्दा नीट सांगतो, कारण यावर फार लोक फसतात. ट्रेलरच्या 7 पिनच्या सॉकेटमध्ये पांढरी वायर अर्थची. बाजारातली साधी एलईडी पट्टी असं गृहीत धरते की अर्थ म्हणजे निगेटिव्ह. एलईडी एकाच दिशेने प्रवाह घेतो. आपल्या गाडीची बॉडी पॉझिटिव्ह. लावा पट्टी, मिट्ट काळोख. प्लस-मायनस उलटं करून जोडू म्हणाल तर तेही नाही, कारण पट्टीतले सगळे दिवे त्या एका अर्थच्या वायरीवर बांधलेले असतात. साधा तारेचा बल्ब बिचारा कुठूनही प्रवाह आला तरी पेटतो. म्हणून ट्रेलरला जुनेच बल्ब, आणि ते मला स्वस्तातही पडतात.

"निगेटिव्ह करणं म्हणजे बॅटरी फिरवली की झालं" असं सांगणारे खूप भेटतील. माझ्या गाडीत बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटमागे जमिनीखाली. त्या फिरवल्या तरी डायनॅमोला नवी दिशा द्यावी लागते, कॉइलच्या वायरी बदलाव्या लागतात आणि आरपीएमचा काटा उघडून आतली जोडणी उलटवावी लागते, कारण या सालचा काटा इलेक्ट्रॉनिक आहे. साठ वर्षं चाललेला काटा मी ट्रेलरच्या दोन दिव्यांसाठी उघडणार नाही.

त्यात रंगांचा आणखी घोळ. ट्रेलरच्या केबलमध्ये पांढरी म्हणजे अर्थ. गाडीच्या लुकास (ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी कंपनी) पद्धतीत पांढरी म्हणजे इग्निशनचा प्रवाह. ट्रेलरमध्ये लाल ब्रेकची, गाडीत लाल मागच्या दिव्यांची. ट्रेलरमध्ये हिरवी उजव्या इंडिकेटरची, गाडीत हिरवी म्हणजे फ्यूजमधून येणारा मुख्य प्रवाह. रंगाला रंग जोडत गेलात तर पहिल्याच पांढऱ्या जोडणीला धूर निघेल. गाडीच्या बाजूला हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, हिरवी-जांभळी ब्रेक. हे कागदावर लिहून डिकीत चिकटवलंय. पुन्हा कोणी हात लावणार असेल तर आधी ते वाचायचं.

शेवटी एका रविवारी स्वतःच सगळं परत केलं. ट्रेलरच्या ब्रेकच्या दिव्यांना रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) दिला, त्याला वेगळा फ्यूज दिला. कारण नुसता फ्यूजचा नाही: या गाडीतला ब्रेकचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि आतले संपर्क नाजूक असतात, त्याच्यावर ट्रेलरचे 21 वॉटचे आणखी दोन बल्ब लादू नयेत. रिले घेताना आत डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) नसलेला घ्या. डायोडवाला पॉझिटिव्ह अर्थवर उलटा लागला की पुन्हा फ्यूज. मागच्या लाल दिव्यांच्या वायरीला माझ्या गाडीत फ्यूज मुळातच नाही, तिथे ट्रेलरकडे जाणाऱ्या फाट्यावर छोटा फ्यूज बसवला. आणि अर्थची स्वतंत्र वायर ओढली. कडीच्या गोळ्यामधून अर्थ मिळतो या भरवशावर राहू नका. गोळ्याला ग्रीस लागलं की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतात आणि इंडिकेटर लावल्यावर मागचे दिवे नाचतात.

राहिली इंडिकेटरची टिकटिक. हिच्यावर मी जितका विचार केलाय तितका बोटीवर केला नसेल. जुना फ्लॅशर युनिट म्हणजे प्रवाहाने तापून वाकणारी पट्टी. दोन बल्बवर ती तिच्या चालीने चालते. ट्रेलरचा तिसरा जोडला की प्रवाह वाढतो, पट्टी लवकर तापते, टिकटिक धावत सुटते. पहिले काही आठवडे त्या आवाजाने डोकं उठायचं. छत उघडं असलं तरी ऐकू येते! एका मित्राने जास्त भाराचा युनिट दिला (फुकट, म्हणून लावला), टिकटिक संथ झाली, मी खूश. मग कधीतरी धक्क्यावर एकाने येऊन सांगितलं की तुमच्या ट्रेलरचा डावा इंडिकेटर लागतच नाहीये. किती दिवस नव्हता, देव जाणे. जास्त भाराच्या युनिटला दोन बल्ब काय, तीन काय, सगळं सारखंच.

तेव्हापासून जुना युनिट परत लावलाय. टिकटिक भरभर म्हणजे ट्रेलरचा बल्ब जिवंत. एका बाजूला नेहमीच्या चालीवर आली की उतरून बघायचं. घड्याळ लावून मोजली, मिनिटाला 120 च्या आत बसते, म्हणजे नियमातही आहे. इंडिकेटरला म्हणूनच रिले दिला नाही, फक्त प्रत्येक बाजूच्या ट्रेलरच्या वायरीवर 5 अँपिअरचा फ्यूज टाकला. तिथे शॉर्ट झालाच तर तो आधी जाईल आणि माझे वायपर वाचतील. जो आवाज बंद करायला निघालो होतो तो आता मुद्दाम कान देऊन ऐकतो.

रात्री रांगेत अडकलात तर एक करा: पाय ब्रेकवर ठेवून बसू नका, हँडब्रेक ओढा. गाडीचे दोन आणि ट्रेलरचे दोन मिळून ब्रेकचे दिवेच सात अँपिअर खातात, वर हेडलाइट. आणि डायनॅमो आयडलला काही देत नाही, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत राहतो.

बाकी छोटं छोटं. डिकीत स्टेपनी असते, त्यावर ओलं सुकाणू आणि डॅगरबोर्ड (बोटीखाली पाण्यात घालायची फळी) ठेवला की पाणी नेमकं पत्र्याच्या कोपऱ्यात जातं. मी आता ते शेजारच्या सीटवर गोणपाटात गुंडाळून आणतो, म्हणजे बरोबर कोणी येऊ शकत नाही. लेझर एकट्याचीच बोट आहे, त्यामुळे तक्रार करायला कोणी नाही. पाण्यात बोट हातगाडीवरून जाते, रस्त्याचा ट्रेलर आणि गाडी दोन्ही वर कोरडे उभे राहतात. जड बोट असती तर उतारावर क्लच जळाला असता आणि मागचे ड्रम भिजले असते. याच गाडीला याच्यापेक्षा मोठी बोट लावायचा विचार असेल तर मी तरी सांगणार नाही.

दुकानाने वायरिंगचे पैसे परत दिले नाहीत. बराच वाद घातल्यावर ग्रोमेट मात्र फुकट दिली, आणि तीही चुकीच्या मापाची.