जुन्या बोनव्हिलवरचे बदल: अकरा महिन्यांत काय टिकलं, काय उतरवलं

आधी निकाल सांगतो. मोटरसायकल ट्रायम्फ बोनव्हिल टी१००, २००६ ची, ८६५ सीसी, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग असलेली). अकरा महिने आणि साधारण ९,००० किलोमीटर. या काळात गाडीवर सात बदल केले. त्यातला एक कायमचा काढून टाकला, एक काढून पुन्हा बसवला आणि बाकीचे पाच आहेत तसेच आहेत. जो काढला, त्यावरच मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता.

हे इंजिन ज्यांनी चालवलंय त्यांना त्याचा स्वभाव माहीत असेल. दोन्ही पिस्टन एकदम वर येतात, एकदम खाली जातात, आणि क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला आळीपाळीने एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. म्हणून आवाज एकसारखा, खर्जातला. आत थरथर कमी करणारे दोन बॅलन्सर शाफ्ट असल्यामुळे जुन्या इंग्लिश ट्विनसारखे (दोन सिलिंडरच्या गाड्यांसारखे) हात बधिर होत नाहीत. ताकद खालच्या आणि मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) भरपूर, वर मात्र दम कमी. मला तो वरचा दम हवा होता.

म्हणून सुरुवातीला तीन गोष्टी एकाच वेळी केल्या: मोकळे सायलेन्सर, एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून त्याजागी दोन कार्ब्युरेटरना सुटे शंकूच्या आकाराचे फिल्टर, आणि मोठे मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल सोडणारी भोकं). गाडी चालू केली तेव्हा आवाजाने अंगावर काटा आला. पूर्ण थ्रॉटलला गाडी खरंच जास्त जोरात पळत होती. पण ३,००० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान, म्हणजे रोज जिथे इंजिन फिरतं नेमकं तिथे, ताकदीत खड्डा पडला. थ्रॉटल उघडला की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग ओढायची. बाजूने वारा आला की रनिंग बदलायचं.

याचं कारण समजायला मला वेळ लागला. या गाडीवरचे केहिनचे कार्ब्युरेटर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचे आहेत. आपण थ्रॉटल फिरवतो तेव्हा फक्त आतली चकती उघडते. पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई धरून असलेली स्लाइड वर उचलली जाते ती हवेच्या दाबातल्या फरकामुळे, वरच्या रबरी पडद्याच्या जोरावर. त्या पडद्याखाली बाहेरच्या हवेचा स्थिर दाब मिळावा म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक छोटं भोक असतं. एअरबॉक्समध्ये हवा शांत असते, त्यामुळे दाब स्थिर राहतो. सुटा फिल्टर लावला की हवा घुसळते, आणि फिल्टरच्या रबराची कड त्या भोकावर आली तर स्लाइड नीट उचललीच जात नाही. माझ्या डाव्या कार्ब्युरेटरवर अगदी हेच झालं होतं. रबर कापून भोक मोकळं केलं, सुईखाली अर्धा मिलिमीटरचे वॉशर टाकले, जेट तीनदा बदलले. खड्डा उथळ झाला, पण भरला नाही.

त्यातच एक वेगळाच त्रास सुरू झाला. उजवं सिलिंडर कमी आरपीएमला मिसिंग मारायला लागलं. मी तीन आठवडे पिलट जेटच्या (कमी आरपीएमला पेट्रोल देणाऱ्या) मागे होतो. शेवटी एका संध्याकाळी इंजिन आयडलला ठेवून, गरम सायलेन्सरपासून लांब राहून, कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबरी जोडावर क्लीनरचा अगदी हलका फवारा मारला, आणि आरपीएम झपकन वर गेले. रबर हाताने दाबून वाकवलं तेव्हा क्लॅम्पच्या कडेला नखाएवढी बारीक चीर दिसली. तिथून आत येणारी हवा मी जेटने भरून काढायला बघत होतो. नवे जोड बसवले आणि मिसिंग गेलं. जुन्या गाडीवर जेटला हात लावण्याआधी ही तपासणी करा, हे मी अगदी कळकळीने सांगतो. टॅपेटही (व्हॉल्व्हमधलं अंतर) आधीच बघून घ्या. थंड इंजिनवर इनलेटचं अंतर ०.१५ ते ०.२० मिमी आणि एक्झॉस्टचं ०.२५ ते ०.३० मिमी हवं. माझे दोन एक्झॉस्ट टॅपेट घट्ट निघाले. शिम (अंतर ठरवणाऱ्या चकत्या) बदलल्यावर सकाळचं स्टार्टिंगच सुधारलं.

चौथ्या महिन्यात एअरबॉक्स परत लावला. फक्त त्याच्या तोंडाची अरुंद नळी काढून ठेवली आणि आत बदली फिल्टर टाकला. मेन जेट १२० वर आणले, पिलट ४२, सुईखाली एकच वॉशर. वरचा दम थोडा कमी झाला, पण मधला सगळा भाग भरून आला. दोन्ही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर सिंक केले (एकसारखे जुळवले), तेव्हा गेजचे दोन्ही काटे हळूहळू एका रेषेत येताना आणि त्याबरोबर आरशातली थरथर थांबताना पाहिली. या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वात आवडलेलं दृश्य तेच. हे जेटचे आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमचा सायलेन्सर वेगळा असेल किंवा तुम्ही उंचावर राहत असाल तर ते जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. प्लग काढून बघा: पोर्सिलीन पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, काळी काजळी असेल तर जाड. माझे डीपीआर८ईए-९ प्लग आता फिक्या तपकिरी रंगाचे निघतात.

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके फुटायचे, तेही याच सुमारास बंद झाले. मूळ गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारी यंत्रणा असते. थ्रॉटल बंद केला की न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं. ती काढून पोर्ट बंद केले. पण जिथे धूर तपासणीचा नियम आहे तिथे हा बदल करण्याआधी नीट विचार करा. पेट्रोल थोडं जास्त लागतं: आधी लिटरला २१ किलोमीटर मिळायचे, आता १९ च्या आसपास.

आता स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. पुढचं १७ दातांचं काढून १८ चं लावलं, मागचं ४३ तसंच ठेवलं. म्हणजे त्याच वेगाला आरपीएम साडेपाच टक्क्यांनी कमी. पहिल्यांदा लावलं तेव्हा एअरबॉक्स नव्हता. मधल्या ताकदीत आधीच खड्डा, त्यात गिअर लांब, त्यामुळे पाचव्यात गाडी मेल्यासारखी वाटायची. वैतागून १७ परत लावलं आणि बदल फुकट गेला असं ठरवून मोकळा झालो. एअरबॉक्स आल्यावर सहज पुन्हा १८ लावून पाहिलं आणि आता ते काढायचा विचारही नाही. सहावा गिअर नसलेल्या गाडीला लांबच्या प्रवासात हा आराम फार मोलाचा आहे. दोघं बसून सारखा चढ चढायचा असेल तर १७ बरं.

पुढच्या ४१ मिमी फोर्कच्या स्प्रिंगवर मात्र मला फार लिहावंसं वाटतं, कारण इतका फरक पडेल अशी अपेक्षाच नव्हती. फोर्कच्या नळीला प्लॅस्टिकची एक पट्टी बांधली, गाडीवर बसलो, उतरलो आणि पट्टी किती सरकली ते मोजलं: नुसत्या माझ्या वजनाने ५० मिमी. म्हणजे बराचसा फोर्क मी बसतानाच खर्च करत होतो. ब्रेक मारला की उरलेलाही संपायचा. वजनाप्रमाणे कडक स्प्रिंग आणि थोडं जाड तेल घातल्यावर तेच माप ३४ मिमी आलं. आता वळणात ब्रेक सोडताना पुढचं टोक उसळत नाही आणि खराब रस्त्यावर हँडल हातात शांत राहतं. ब्रेकला स्टीलची जाळी असलेली नळी आणि सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड लावले. ३१० मिमीची एकच डिस्क आहे, त्यामुळे चमत्कार होत नाही, पण लिव्हर आता स्पंजासारखा दबत नाही. हे दोन्ही झाल्यापासून, इंजिनाची ताकद तेवढीच असूनही, ओळखीच्या वळणांवर मी जास्त वेगाने आणि निवांत जातो.

मागचे शॉकअप अजून मूळचेच आहेत, आणि पुढचं टोक सुधारल्यामुळे त्यांचा कमकुवतपणा जास्त जाणवतो. लागोपाठ दोन उंचवटे आले की मागचं चाक दुसऱ्यावर उशिरा सावरतं. पुढचं काम तेच. सुटे फिल्टर कपाटात पडून आहेत.